आठवी पुंगळी

मी पुंगळी बोलतेय. रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पितळी पुंगळी. अंगाने कापलेली आहे, पण जीभ अजून कोणी कापलेली नाही. तेव्हा ऐकायचं असेल तर नीट ऐका, मध्ये मध्ये घड्याळ बघू नका.

काडतूस म्हटलं की लोकांना गोळी आठवते. गोळी एकदा सुटते आणि मातीच्या बांधात तोंड खुपसून संपते. मागे उरते ती मी. माझ्या पोटात पुन्हा दारू भरतात, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवतात, तोंडावर नवी गोळी दाबतात, आणि मी पुन्हा कामाला हजर. तरी कौतुक सगळं गोळीचंच. माणसांकडून मी दुसरी अपेक्षाही ठेवलेली नाही.

जन्मले तेव्हा मी चांगली लांब होते. कारखान्यात पितळेच्या पट्टीतून एक वाटी कापली, दाबून दाबून, ओढून ओढून तिची नळी केली, बुडावर शिक्का मारला, की झाले मी. माझा पहिला मालक तुरुंगावरचा पहारेकरी होता. वर्षातून एकदा सक्तीने नेमबाजीची परीक्षा द्यायची म्हणून तो कोल्टर फ्लॅट नावाच्या माळावरच्या क्लबात आला, त्याने मला उडवलं, खडीत टाकलं आणि मागे वळूनही न बघता निघून गेला. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्याने माझ्याकडून काहीही मागितलं नाही.

खडीतून मला उचललं ते ऑर्विन टोफ्टेने.

तो रांगत होता. साठी उलटलेला, उंच, हाडकुळा माणूस, शेतकऱ्यांना पाण्याचे पाइप विकणारा, गावात चार लोक टोपीला हात लावून ज्याला नमस्कार करतात असा, आणि तो दुसऱ्यांनी टाकलेलं पितळ वेचत गुडघ्यांवर रांगत होता! नंतर कळलं की हा त्याचा नेहमीचाच शिरस्ता. एक पुंगळी गवतात हरवली तर हा काटेरी झुडपांत कोपरापर्यंत हात घालतो. बरोबरचे लोक गाड्यांत बसून हॉर्न वाजवत असतात आणि हा मोंटानाच्या वाऱ्यात ढुंगण वर करून शोधत असतो. सापडली की फुंकर मारून खिशात टाकतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो त्याच्या लग्नाच्या फोटोतही नाही. तो फोटो गॅरेजात खिळ्यांच्या डब्यामागे ठेवलेला आहे, मी पाहिलाय.

गॅरेजात त्याने मला मक्याच्या कणसांच्या भुशात घोळवून लख्ख केलं. मला वाटलं, चला, कोणीतरी कदर करणारा भेटला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला एका छोट्या यंत्रात अडकवलं, मूठ फिरवली आणि माझं एक तृतीयांश अंग कापून टाकलं.

का, ते ऐका. या लोकांचे सामने असतात. पुठ्ठ्याच्या माणसांवर आणि लोखंडी ताटल्यांवर गोळ्या झाडायच्या, आणि घड्याळ लावून. रिव्हॉल्वरात आठ काडतुसं बसतात. ती संपली की रिकाम्या पुंगळ्या झटकून नवी आठ भरायची. ती आठ एका पातळ पोलादी चकतीत कमरेशी अडकवलेली असतात, म्हणजे आठही एकदम पडतात आणि एकदम आत जातात. पुंगळी आखूड असली की पटकन पडते आणि पटकन शिरते. वाचतो किती वेळ? पापणी लवते तेवढा. त्यासाठी मला कापलं! आणि हाच माणूस पोस्टात रांगेत उभा राहून हवापाण्यावर तासभर बोलतो.

दुसरंही एक कारण तो सांगायचा. सामन्यासाठी दारू थोडीच भरायची असते, म्हणजे धक्का कमी बसतो. लांब पुंगळीत ती थोडीशी दारू मोठ्या खोलीतल्या एकट्या खाटेसारखी, कधी इकडे तर कधी तिकडे. आखूड पुंगळीत ती जागच्या जागी राहते, मग प्रत्येक गोळीचा वेग सारखा. हे खरं आहे, मी मान्य करते. पण खरं कारण सांगून कोणी कापलं म्हणून कापलेलं परत येत नाही.

या जमातीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. नेम चुकला असं म्हणणारा एकही माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ऊन डोळ्यांवर आलं, वारा फिरला, चकती वाकली होती, सकाळचा नाश्ता जड झाला, मागून कोणीतरी खोकलं. ऑर्विनचा दोस्त डेलमार तर एकदा म्हणाला की त्याचे नवे बूट त्याला डावीकडे ओढतात. हा डेलमार लोकांची तुंबलेली गटारं साफ करायचा धंदा करतो आणि तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया ठेवून टरफलं थुंकत असतो. पिस्तूलवाल्यांच्या गर्दीत हे रिव्हॉल्वरवाले मोजून चारपाच. पिस्तूलवाले त्यांना ‘आजोबा’ म्हणतात. आजोबा पिस्तूलवाल्यांना ‘पोरं’ म्हणतात. दोन्ही बाजूंना आपण थोर आहोत याची खात्री आहे, आणि दोन्ही बाजूंच्या पुंगळ्यांना ते कोण आहेत हे ठाऊक आहे.

ऑर्विनला एकच हाव होती. राज्याच्या सामन्यात रिव्हॉल्वरच्या गटात पहिलं यायचं. दरवर्षी वेंडल नावाचा माणूस पहिला यायचा आणि ऑर्विन दुसरा. पहिल्याला पट्ट्याचं पितळी बक्कल मिळतं. पितळेच्या तुकड्यासाठी पितळेला कापणारा माणूस, याहून जास्त काय सांगू?

मग एका ऑगस्टात डेलमार गॅरेजात आला.

“ऑर्विन, एक आनंदाची बातमी आहे आणि एक वाईट.”

“आनंदाची सांग.”

“वेंडल ॲरिझोनाला गेला. गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणे. कायमचा गेला.”

ऑर्विनच्या हातातली यंत्राची मूठ थांबली. “आणि वाईट?”

“तीच.”

“म्हणजे?”

“अरे बाबा, आता आपण चारच उरलो. तू, मी आणि ते दोघे भाऊ. पाच नसले तर रिव्हॉल्वरचा वेगळा गट धरत नाहीत, माहीत आहे ना? पोरांच्यात ढकलतील आपल्याला. मग पहिला ये नाहीतर शेवटचा, कुत्रं विचारणार नाही.” डेलमारने एक टरफल थुंकलं. “कोणीतरी पाचवा शोध. श्वास घेणारा असला की पुरे.”

डेलमार गेल्यावर ऑर्विन बराच वेळ माझ्यासारख्या कापलेल्यांना बोटाने ढकलत बसला. मग त्याने फोन उचलला आणि आपल्या मुलीला लावला.

मुलीचं नाव मार्नी. चौतिशीची आहे, शेजारच्या गावात जनावरांच्या दवाखान्यात काम करते. गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता, पण बापलेकींचं बोलणं फक्त नाताळात. तिच्या लग्नात हा केक कापायच्या आधीच निघून आला होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सामना होता. पुढे ते लग्न मोडलं तेव्हा तिने रडत फोन केला, तर हा म्हणाला, “बरं झालं, मला तो कधी आवडलाच नव्हता.” तिने फोन ठेवून दिला. हा रिसीव्हर हातात धरून उभा राहिला आणि मग पुंगळ्या घासायला लागला. मी तिथेच होते. घासलं मलाच.

“मार्नी? मी बोलतोय.”

“डॅड? काय झालं? बरा आहेस ना?”

“बरा आहे. मला काय होणार? अगं, सप्टेंबरअखेरीस सामना आहे. म्हटलं, तू पूर्वी छान चालवायचीस रिव्हॉल्वर. म्हटलं, एकत्र जाऊ.”

पलीकडे वाहता नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“एकत्र?”

“हो. म्हणजे तुला वेळ असला तर.”

“येईन मी,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ऑर्विनला ते कळलं नाही. फोन ठेवून तो स्वतःशीच म्हणाला, “पाच.”

थू! मी पितळ आहे म्हणून थुंकता येत नाही, नाहीतर त्या दिवशी थुंकले असते. सगळं बोलणं खरं होतं आणि त्यात एकही खरी गोष्ट नव्हती.

मग ती रविवारी यायला लागली. येताना ओव्हनमध्ये भाजलेली खिम्याची गरम हॉटडिश आणायची, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर, आणि दोघं गाडीच्या मागच्या फळकुटावर बसून एकाच भांड्यातून खायचे. ऑर्विनने त्याचं जुनं रिव्हॉल्वर तिला सरावाला दिलं. तिचा हात स्थिर होता. घाबरलेल्या कुत्र्यांना टोचायचं काम करणाऱ्या बाईचा हात, बापासारखा बढाया मारत फिरणारा नव्हे. पुंगळ्या पडल्या की हा रांगायला लागायचा आणि तीही शेजारी रांगायची. लहानपणी ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात त्याच्यासाठी पुंगळ्या वेचायची, ते तिने एकदा काढलं.

“आठवतं तुला? डबा भरला की तू मला खांद्यावर घ्यायचास.”

“डबा मोठा होता.”

“मी मुद्दाम हळू वेचायचे, डॅड. म्हणजे उशीर व्हायचा.”

“तरीच! मला वाटायचं, पोरगी आळशी आहे.”

ती हसली. इतकी हसली की तिने मनगट धरलं. मेंढ्या राखणाऱ्या एका कुत्र्याने उन्हाळ्यात तिला तिथे कडकडून चावलं होतं. प्रत्येक बारानंतर ती मनगट जरासं झटकायची, पण बोलायची नाही. टोफ्टे घराण्यात दुखणं बोलून दाखवायचं नसतं म्हणे. मूर्खपणाला घराणं असतं, हे मला तिथे कळलं.

तिच्यासाठी काडतुसं भरायला ऑर्विन बसला तेव्हा त्याने पेटीतून पुंगळ्या निवडल्या. त्यात मी होते. दारू टाकणाऱ्या यंत्राचा स्क्रू त्याने आधी होता तसा ठेवला. मग थांबला. मग थोडा मागे फिरवला. मग आणखी थोडा. मी म्हटलं, बघा कंजूष, पोरीच्या काडतुसातली दारूही वाचवतोय.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती पेटी तिच्या हातात दिली. “ही तुझी,” म्हणाला. पेटीवर चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहिलं होतं. तिने ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि घरी गेली.

इथे चूक झाली. थंडीत दारू मंदावते. सामन्याला जाणारा प्रत्येक जण थंडीच्या दिवसांत काडतुसांची पेटी रात्री घरात ठेवतो आणि सकाळी गाडीतल्या हीटरपाशी. ऑर्विनने स्वतःची पेटी पलंगाखाली ठेवली होती. इतकंच नव्हे, सकाळी आठ काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात छातीशी धरली होती. या लोकांना हे इतकं माहीत असतं की ते सांगायचं असतं हेच ते विसरतात. मार्नीला कोण सांगणार? त्या रात्री हिमाचा पहिला थर पडला. डिकीत आम्ही गारठून दगड झालो होतो.

सकाळी कोल्टर फ्लॅटवर गवत पांढरं होतं. तंबूत लोरीन शूक वेग मोजायचं यंत्र लावून बसली होती. ही बाई लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून बसते आणि स्वतःच्या नवऱ्यालाही नियमातून सूट देत नाही. त्या मैदानावर मला आवडलेलं ते एकच माणूस. नियम असा की गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या वर गेला पाहिजे, नाहीतर सगळेच फुसकी काडतुसं आणतील आणि धक्क्याशिवाय जिंकतील. आकडा गाठला नाही तर खेळायला मिळतं, पण तुमचे गुण कुठल्याही गटात धरत नाहीत. म्हणून ती प्रत्येकाच्या पेटीतून आठ काडतुसं उचलून पुढ्यातल्या ताटलीत ठेवते.

मार्नीच्या पेटीतून तिने उचललेल्या आठांत मी होते.

ऑर्विनची तपासणी आधी झाली. छातीशी ऊब घेतलेली काडतुसं, दिमाखात पार पडली. डेलमारचीही पडली. मग लोरीनने मार्नीचं रिव्हॉल्वर घेतलं आणि यंत्रावरून बार काढायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. तिच्या कपाळावर आठी आली.

“थोडं कमी पडतंय.”

आणखी बार झाले. माझ्या शेजारच्या एकेक करून गेल्या. प्रत्येक वेळी आकडा केसाएवढा कमी.

“सात झाले,” लोरीन म्हणाली. “नियमाप्रमाणे एक शेवटचं उरलंय. मार्नी, निवड तुझी. हे उडवू, की फोडून आतल्या गोळीचं वजन करू? गोळी जरा जड निघाली तर कदाचित वाचशील. नाहीतर मजेपुरती खेळ.”

मी ताटलीत एकटी उभी होते. माझ्या पोटात थंड झालेली, जाणूनबुजून कमी घातलेली दारू. मला माझा निकाल आधीच माहीत होता.

“ए, मजेपुरती काय!” डेलमार मागून ओरडला. “मार्नी, तू गेलीस तर आम्ही पुन्हा चार! पाचवी हवी म्हणून तर तुझ्या बापाने तुला आणली.”

बिया चावायचं थांबलं तेव्हा त्याला कळलं की आपण काय बोललो. पण बोलून झालं होतं.

मार्नी वळली. “पाचवी म्हणजे?”

ऑर्विन टोपीशी चाळा करत होता.

“डॅड, माणूस कमी पडला म्हणून फोन केलास मला?”

“नुसतं त्यासाठी नाही गं.”

“मग आणखी कशासाठी?”

आठ काडतुसं पापणी लवायच्या आत भरणारा हा माणूस. त्याला एक वाक्य भरता येईना.  लोरीनदेखील खाली बघायला लागली आणि यंत्राची वायर उगाच हलवायला वाकली.

आणि तेवढ्यात त्याने काय केलं? कोटात हात घातला, मूठ बाहेर काढली आणि हळूच ताटलीकडे, माझ्याकडे सरकवली. मुठीत त्याचं स्वतःचं उबदार काडतूस होतं. माझ्याच मापाचं, माझ्याच कापणीचं. मुलगी समोर डोळ्यांत पाणी घेऊन उभी आहे, आणि हा बदलाबदली करतोय! अशा माणसाच्या पेटीत मी वर्षं काढली.

“मुठीत काय आहे?” मार्नीने अगदी हळू विचारलं.

“काही नाही.”

“उघड.”

त्याने उघडली. “हे गरम आहे,” तो पुटपुटला. “हे पास होईल.”

“काय चाललंय तिकडे?” लोरीन सरळ झाली.

हे तिने पाहिलं असतं तर ऑर्विन टोफ्टेला क्लबातून कायमचा नारळ मिळाला असता. मार्नीने बापाची मूठ आपल्या हाताने मिटली.

“काही नाही, लोरीन. हात गार पडलेत त्याचे.”

“मग सांग. उडवू की फोडू?”

“दोन्ही नको. मी खेळत नाही.” तिने मला ताटलीतून उचललं. “रिव्हॉल्वर त्याचं आहे, त्याला दे. आणि काडतुसंही. हे एक मात्र मी नेते.”

ती पांढऱ्या गवतातून गाडीकडे चालत गेली. मी तिच्या तळहातात होते.  मला वाटलं, मागून कोणी धावत येईल. कोणी आलं नाही.

तो सामना खेळला. पूर्ण खेळला. पोरांच्या गटात तळाला कुठेतरी आला, आणि बक्कल त्या वर्षी कोणालाच मिळालं नाही. हे सगळं नंतर डेलमारने मार्नीला फोन करून सांगितलं, माफी मागता मागता. संध्याकाळी सगळे गेल्यावर ऑर्विन एकटाच रांगत होता म्हणे. डेलमार म्हणाला, “सगळ्या सापडल्या होत्या गं त्याच्या. तरी तो शोधतच होता.” 

तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात उभं केलं. भांडी घासताना ती माझ्याकडे बघायची. कधी रागाने बघायची, कधी नुसतीच. तिची मांजर मला पाडायला यायची आणि ती मांजरीवर ओरडायची, “ते भरलेलं आहे, गाढवे!” मला तिथे बरं वाटत होतं. तिथे घड्याळ लावून कोणी काही करत नव्हतं.

दोन आठवड्यांनी फोन आला. ती बोलत होती ते मला ऐकू येत होतं, आणि ऑर्विनचं बोलणंही, कारण ऑर्विन फोनवर असा बोलतो की जणू मध्ये डोंगर आहे.

“मार्नी, माझी एक पुंगळी कमी आहे.”

तिने डोळे मिटले. “ती माझ्याकडे आहे, डॅड. अजून भरलेलीच आहे.”

“भरलेली? मग तशी घरात ठेवू नये. मी येऊन फोडून नेतो.”

“एका पुंगळीसाठी येणार?”

“माझ्या मापाची आहे ती. बाजारात मिळत नाही.”

ऐका, ऐका! माफी नाही, चौकशी नाही. माप! मी खिडकीत उभी राहून संतापले. मार्नीही संतापली असावी, कारण तिने ओठ चावला. पण ती म्हणाली, “ये.”

तो आला. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. बरोबर ते हातोडीसारखं हत्यार, ज्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी निसटते. तिच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर तो गुडघे टेकून बसला आणि त्याने मला आपटलं. गोळी निघाली. दारू त्याने तिच्या झाडाच्या कुंडीत ओतली. “खत होतं याचं,” म्हणाला. भरताना यानेच टाकलेली ती दारू इतकी थोडी होती की मार्नी कुंडीत बघतच राहिली.

“एवढीच होती?”

“हं.”

“तुझ्या काडतुसांत जास्त असते?”

“थोडी.”

“मग माझ्यात कमी का घातलीस, डॅड? पाचवी टिकायला हवी होती ना तुला?”

ऑर्विन फरशीवरच बसला होता. त्याने गोळी या बोटातून त्या बोटात फिरवली. मला वाटलं, आता वारा येणार, बूट येणार, नाश्ता येणार.

“तुझं मनगट,” तो म्हणाला. “तू झटकायचीस. मी बघत होतो.”

बस्स. एवढंच. एवढंच त्याला त्या तंबूत बोलता आलं असतं. तिने विचारलं होतं, ‘आणखी कशासाठी?’ आणि उत्तर माझ्या पोटात भरलेलं होतं, त्यानेच भरलेलं, आणि हा गाढव खिशातलं दुसरं काडतूस काढत बसला. मी चिडले. अजूनही चिडलेली आहे.

 मार्नीने किटली ठेवली. “कॉफी घेशील?”

“असेल तर.”

त्यांनी कॉफी घेतली. बोलले काय? तर मांजर जाड झाली आहे. रस्त्यावर मीठ टाकायला अजून सुरुवात झालेली नाही. डेलमारने बिया सोडल्या आहेत, आता च्युइंगगम खातो. एकदा मात्र कप खाली न ठेवताच ऑर्विन म्हणाला, “केकचा तुकडा ठेवला होतास तू माझ्यासाठी. तुझ्या लग्नात. तुझ्या आईने सांगितलं होतं.” मार्नी म्हणाली, “हो. महिनाभर फ्रीजमध्ये होता.” मग दोघंही मांजरीकडे बघायला लागले.

जाताना त्याने हत्यार पिशवीत टाकलं, गोळी खिशात टाकली, टोपी घातली. मी टेबलावर साखरेच्या भांड्याशेजारी होते, त्याच्या अगदी हाताखाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ, नीट पाहिलं. आणि दार ओढून निघून गेला.

काटेरी झुडपांत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. लोकांना हॉर्न वाजवत ठेवून खडी चाळणारा माणूस. तो मला टेबलावर विसरला! मार्नीने मला उचललं, दाराशी धावली, हाक मारायला तोंडही उघडलं. खाली त्याची गाडी अजून सुरू झालेली नव्हती. तिने मला मुठीत धरलं आणि तोंड मिटलं.

पुढच्या आठवड्यात फोन. “मार्नी, माझी ती पुंगळी तुझ्याकडे राहिली का गं?”

“राहिली.”

“तिच्या बुडातली टोपी काढायची राहिलीये. रविवारी येऊ?”

“ये. हॉटडिश करते.”

रविवारी तो टोपी काढायचं हत्यारच घरी विसरून आला. त्याच्या पुढच्या वेळी हत्यार आणलं, मला न्यायचं विसरला. आता अख्खा हिवाळा झाला. नवा सामना जवळ आलाय, डेलमारला पाचवा माणूस मिळालेला नाही, आणि ऑर्विनने त्याबद्दल या घरात अजून चकार शब्द काढलेला नाही. दर रविवारी तो माझ्यासाठी येतो आणि माझ्याशिवाय जातो. दोघंही हे पाहतात, दोघंही बोलत नाहीत. इतक्या रविवारांत त्यांना ‘तुझी आठवण येते’ एवढं म्हणता आलेलं नाही. म्हणायचं ते एका कापलेल्या, रिकाम्या पुंगळीवर सोपवून दोघं कॉफी पितात.

अशी ही माणसं. माझं मत बदललेलं नाही. मला कापलं त्याची माफी कोणी मागितली नाही, आणि मागितली असती तरी मी दिली नसती. अंगावर धूळ बसायला लागलीये, चमक गेलीये, मांजर मला चाटून जाते. गॅरेजातल्या माझ्या बहिणी नव्या दारूने भरून तयार होत असतील.

पण मार्नी, तू ते टेबल पुसतेस तेव्हा मला हातात घेऊन दाराकडे बघतेस, ते मी पाहिलंय. कधीतरी तुला वाटेल, म्हाताऱ्याची वस्तू आहे, देऊन टाकावी. माझं एवढं ऐक. मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही, मागण्यासारखं कोणी भेटलंही नाही. त्याला मला परत देऊ नकोस.